जुनी पिकअप: चावी इग्निशनमध्ये अडकली, फिरत नाही आणि निघतही नाही

रांगडा_कांदा (निफाड तालुका):

राम राम मंडळी. घरची डिझेल पिकअप आहे, २००८ ची, पॉवर स्टिअरिंग नसलेली. खत, कांदा, चारा, सगळं तिच्यावरच. थंडी पडल्यापासून सकाळी चावी फिरायला त्रास द्यायची. आत जायची, पण फिरायची नाही. दोन-तीनदा आत-बाहेर केली की फिरायची. आज पहाटे काही केल्या ऐकेना, तेव्हा भावाने जोर लावला. चावी केसभर फिरली आणि तिथेच रुतून बसली. आता ना पुढे, ना मागे, ना बाहेर. डोक्याजवळ किंचित पीळ पडल्यासारखाही वाटतोय.

लाल कांदा भरून उभी होती. लासलगावचा सकाळचा लिलाव गाठायचा म्हणून तो शेजाऱ्याच्या ट्रॉलीत पलटी करून पाठवला. ते निभावलं, पण गाडी दारातच आहे.

गावातला चावीवाला म्हणतो, बॅरल फोडावं लागेल. वायरमन म्हणतो, स्विच काढून टाकू, डायरेक्ट करून बटण लावून देतो, परत कटकट नाही. दोघांपैकी कोणाचं ऐकावं? एक गोष्ट विचित्र वाटते: दुपारी ऊन तापलं की हा त्रास कधीच नसायचा.

घाटवळण:

सोपं आहे. भरपूर तेल सोडा, अर्धा तास मुरू द्या, मग चावीचं डोकं पकडीत धरून एक झटका द्या. आमच्याकडे सगळे हेच करतात.

जुना_वायरमन (सिन्नर):

पकड आधी डब्यात ठेवा, घाटवळण. चावी पितळेची असो की लोखंडी, पीळ पडलेली चावी पकडीच्या झटक्याला तुटतेच, आणि तुटते ती कुलपाच्या तोंडाशी. मग आरीच्या पानाचा तुकडा घासून बारीक करायचा, त्याच्या दात्यात तुकडा अडकवून ओढत बसायचं. तोवर कोणीतरी शहाणा फेविक्विक लावून काडी चिकटवतो, आणि कुलूप कायमचं जातं. अशी कुलपं दुकानात भरपूर पाहिली. दुकान आता मुलगा बघतो, पण हात खाजवतात.

रांगडाभाऊ, कोणी काही फोडायच्या आधी मला चार गोष्टी सांग. गाडी सपाटीला उभी आहे की उताराला? पुढची चाकं सरळ आहेत की वळलेली? चावीच्या जुडग्यात अजून काय काय लटकतंय? आणि कुलपात आजवर कोणी काय सोडलंय?

रांगडा_कांदा:

काका, अंगण उताराचं आहे. हँडब्रेकचा भरवसा नाही म्हणून पुढचं चाक वळवून ओट्याच्या दगडाला टेकवून ठेवतो. जुडग्यात गोदामाची, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीची, कांदा साठवायच्या चाळीच्या कुलपाची अशा चाव्या आहेत, शिवाय एक पितळी बैल. तेलाचं म्हणाल, तर वडील दर दिवाळीला घरातल्या सगळ्या कुलपांना खोबरेल घालतात, चाळीपासून देवघराच्या कपाटापर्यंत. गाडीलाही घालत असणार. आत्ता विचारलं तर म्हणाले, "मग? गंजू द्यायचं होतं का?"

जुना_वायरमन (सिन्नर):

वडिलांना माझा नमस्कार सांग. कुलपाची काळजी घेणारा माणूस दुर्मिळ आहे. फक्त तेल चुकलं.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. तुझ्या निफाडला जानेवारीत पहाटे पारा सहा-सातवर येतो. बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालेलं तू रोज न्हाणीघरात बघतोस, तेच कुलपाच्या आत होतं. वर कांद्याची पत्ती, खळ्यावरची धूळ. उन्हात ते सैल होतं, म्हणून दुपारी त्रास नाही.

आता आत काय असतं ते नीट समजून घे, म्हणजे कोणी काय फोडतोय ते कळेल. चावी जिथे जाते ते बॅरल. त्यात पितळेच्या पातळ पत्त्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग. बरोबर चावी गेली की प्रत्येक पत्ती आपापल्या खाचेत बसते, सगळ्यांची टोकं बॅरलच्या कडेला समतल होतात, आणि मगच बॅरल फिरतं. एक पत्ती जरी वर राहिली तरी फिरत नाही. गोठलेल्या तेलात स्प्रिंग पत्तीला ढकलू शकत नाही, एवढी ती नाजूक असते. म्हणून आत-बाहेर केल्यावर फिरायची: पत्त्या हलून हलून कशाबशा खाचेत पडायच्या.

बॅरलच्या मागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लोखंडी बोल्ट, जो चावी काढली की स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत घुसतो. तेच स्टिअरिंग लॉक. दुसरा विजेचा स्विच, जो ऑन आणि सेल्फची वीज देतो. लोक तिन्हींना मिळून "स्विच" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. तुझा वायरमन विजेचा भाग बदलायचं म्हणतोय, चावीवाला बॅरल. आणि माझ्या मते या घडीला तुझी चावी रुतवून धरलीये ती तिसऱ्याने, स्टिअरिंगच्या बोल्टने.

कारण चाक दगडाला टेकलंय. उतारामुळे गाडी दगडावर रेटते, चाक वळायला बघतं, तो पीळ दांड्यातून वर येतो आणि बोल्ट खाचेच्या भिंतीवर दाबला जातो. अशा वेळी पत्त्या बसल्या तरी बोल्ट मागे सरकत नाही. भावाने जोर लावला, बॅरल केसभर फिरलं, आणि बोल्टाने पुढे जाऊ दिलं नाही. केसभर फिरलेल्या बॅरलातून चावी बाहेर येत नसते, कारण पत्त्या घराच्या खाचेसमोर राहिल्या नाहीत.

म्हणजे आधी चाक मोकळं कर. मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी चांगले मोठे दगड लाव, हँडब्रेक ओढ, गिअरमध्ये टाक. मग पुढचं टेकलेलं चाक जॅकवर जमिनीपासून जरासं उचल. लक्षात ठेव, गाडीखाली कोणी शिरायचं नाही, हात सुद्धा नाही. चाक अधांतरी झालं की दांड्यातला पीळ निम्मा-अधिक जातो.

त्याच वेळी घरात शेकायची रबरी पिशवी असेल तर ती गरम पाण्याने भरून कुलपाभोवती दहा-पंधरा मिनिटं धरून ठेव. केस वाळवायचं यंत्र असेल तर तेही चालेल. लायटर, मेणबत्ती, गॅसकटर, काहीही ज्वाळेचं नको. तिथे प्लास्टिकचं कव्हर आणि वायरचा गुंता आहे.

मग एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायचं. लॉक असलं तरी बोटभर खेळ असतोच, तेवढाच. दुसऱ्याने जुडगा काढून, मोकळी चावी फक्त अंगठा आणि बोटात धरून, लॉकच्या दिशेला म्हणजे मागे हलकेच फिरवत राहायची. मागे. पुढे नाही. सगळे इथेच चुकतात, त्यांना गाडी चालू करायची घाई असते. स्टिअरिंग हलताना एका क्षणी टक् असा आवाज येईल आणि चावी मागे जाईल. तेव्हा ती आधी किंचित आत दाब आणि मग सरळ बाहेर ओढ. वाकडी-तिकडी नाही.

पीळ पडलेली चावी परत कुलपात घालू नकोस. दुसरी चावी आहे ना?

पाटावरचा_प्रवासी:

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या गाडीचं उलटं आहे. परवा घाट उतरल्यावर ढाब्याला थांबलो, चावी ऑफवर आली तरी इंजिन चालूच. शेवटी ढाबेवाल्याने बॅटरीची वायर काढायला सांगितलं. तरीही चालूच!

जुना_वायरमन (सिन्नर):

चालूच राहणार. जुन्या डिझेलला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते. पंपावर एक सोलेनॉइड असतो, त्याला वीज मिळते तोवर डिझेल जातं. बॅटरी काढलीत तरी अल्टरनेटर ती वीज देत राहतो. वर इंजिन चालू असताना बॅटरी काढली की अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात, म्हणजे दुप्पट खर्च.

असं झालं तर गाडी सपाटीला घ्या, पाय ब्रेकवर घट्ट, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. आजूबाजूला, विशेषतः पुढे, कोणी उभं नको. माहीतगार असेल तर सोलेनॉइडची एकच वायर काढली तरी बंद होतं. काही गाड्यांना पंपावर हाताने ओढायची तार असते, ती आधी शोधा. मग बॅटरीची मायनस काढा, नाहीतर स्विच आतून ऑनच राहून रात्रीतून बॅटरी बसेल. तुमच्याकडे विजेचा स्विच आतून चिकटलाय, कुलूप नाही. चावीवाल्याकडे जाऊ नका, वायरमनकडे जा.

एकच अपवाद. चावी सेल्फच्या टोकाला अडकली आणि सेल्फ किंचाळत राहिला, तर अल्टरनेटरची पर्वा करू नका, मायनस ताबडतोब काढा. सेल्फच्या वायरमधून एवढा करंट जातो की थोड्या वेळात रबर वितळून पेट घेऊ शकतं. दहा नंबरचा पाना सीटखाली ठेवा, बहुतेक टर्मिनलला तोच लागतो.

आणि घाटाचा विषय निघाला म्हणून सांगतो: उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय ज्यांना आहे त्यांनी हे दोनदा वाचावं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या बूस्टरचं व्हॅक्यूम बंद, दोन-चारदा पाय मारलात की पेडल दगड होतं. त्यात घासलेल्या कुलपातून चावी हादऱ्याने बाहेर आली तर स्टिअरिंग लॉक बसतं. डिझेल वाचवायला जाऊन माणूस दरीत जातो.

ह्यूस्टनचा_सोलापूरकर:

काकांच्या जुडग्याच्या प्रश्नाला पुस्ती. २०१४ साली जनरल मोटर्सने इथे लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे इग्निशन स्विचच होता. स्विचचा आतला अडसर मऊ होता. जड जुडगा असेल किंवा गुडघा लागला तर चावी चालत्या गाडीत ऑनवरून मागे सरकायची, इंजिन बंद, एअरबॅगही बंद. नंतर भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तेव्हापासून माझ्या गाडीच्या चावीला दुसरं काहीही लावत नाही.

दुसरं, इथे जुन्या पिकअपही बहुतेक ऑटोमॅटिक. त्यात चावी निघत नसेल तर आधी गिअरचा लिव्हर खरंच पी वर, म्हणजे पार्कवर, पूर्ण गेलाय का ते बघतात. केबलच्या टोकाचं बुश घासलं की लिव्हर पी दाखवतो, पण खाली केबलला ते पोचलेलं नसतं. लिव्हर जोरात पी कडे ढकलून धरला की चावी सुटते. भारतात आता ऑटोमॅटिक वाढल्यात, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

रांगडा_कांदा:

काका, निघाली! चाक उचललं, आईची गुडघे शेकायची पिशवी कुलपाला बांधली. भाऊ स्टिअरिंगवर, मी चावीवर. तुम्ही म्हणालात तसा टक् आवाज आला आणि चावी मागे गेली. बाहेर काढली तर तिच्या खाचांत काळं, मेणासारखं काहीतरी भरलेलं, नखाने खरवडलं तर गोळीच निघाली. वास घेतला, खोबरेलाचाच.

दुसरी चावी आहे, पण ती डुप्लिकेट, तीही याच चावीवरून केलेली. ती घालू का? आणि आता आत काय सोडू? वडील म्हणतात, शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, ते घालू. मेकॅनिक डब्ल्यूडी-४० म्हणतो.

जुना_वायरमन (सिन्नर):

छान. आता घाई करू नकोस, अर्धं काम बाकी आहे.

मेकॅनिक म्हणतो ते धुण्यापुरतं बरोबर. तो फवारा १९५३ साली अमेरिकेत रॉकेटच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून काढला होता. पाणी हुसकतो, जुनं चिकट तेल विरघळवतो. वंगण म्हणून मात्र टिकत नाही, उडून जातो आणि मागे राहतं त्यावर धूळ बसते. म्हणून आधी बॅटरीची मायनस काढ. कुलपाखाली जुनं फडकं धर. फवाऱ्याची लाल नळी चावीच्या भोकात घालून थोडं थोडं मार. भसाभसा नाही, मागे विजेचा स्विच आहे. डुप्लिकेट चावी आत घाल, बाहेर काढ, फडक्याला पूस. आधी काळं येईल, मग तपकिरी, मग स्वच्छ. फिरवायची नाही, नुसती आत-बाहेर. चावी कोरडी-स्वच्छ यायला लागली की गाडी दिवसभर उन्हात उभी कर, भोक वाळू दे. फवारा ज्वलनशील असतो, तेव्हा तोंडात बिडी घेऊन हे काम करू नये, हे भावाला सांग.

वाळल्यावर ग्राफाइट. कुलपाची ग्राफाइट पावडर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नसेल तर पोराच्या दप्तरातली मऊ पेन्सिल घे, सहा-बी किंवा आठ-बी, आणि चावीच्या दोन्ही बाजूंना चांगली गिरव. काळी झाली पाहिजे. घाल, काढ, परत गिरव. कोरडं वंगण आहे, थंडीत गोठत नाही, धूळ धरत नाही. पण ओल्या तेलावर टाकलंस तर चिखल होईल, म्हणून आधी वाळवायला सांगितलं. शिवणयंत्राचं तेल वडिलांना चाळीच्या कुलपाला घालू दे, तिथे ते उत्तम. गाडीला नको.

आता चावी. दोन्ही चाव्या पाठीला पाठ लावून उजेडासमोर धर. घासलेल्या चावीवरून केलेली डुप्लिकेट ही घासलेल्या चावीचीच नक्कल. खाचांचे कोपरे गोल झालेले दिसतील. तुझ्या जुडग्याच्या वजनाने वर्षानुवर्षं चावी खाली ओढली गेलीये, म्हणजे पत्त्याही एका बाजूला झिजल्या असणार. चावी नंबरावरून कापून घ्यायची असते. गाडी नवी घेतली तेव्हा चाव्यांसोबत एक छोटा पत्र्याचा टॅग आला असेल, त्यावर कोड असतो. आधी कागदाच्या पिशवीत शोध. नसेल तर काही कुलपांच्या बॅरलवर, म्हणजे दाराच्या कुलपाच्या आतल्या अंगावर, कोरलेला असतो. दाराचं कुलूप निघायला सोपं असतं, तिथे बघ.

रांगडा_कांदा:

टॅग सापडला! आरसीच्या जुन्या कव्हरात होता, पंधरा वर्षं कोणी बघितलं नसेल. चावीवाल्याकडे फोटो पाठवला. तोवर डुप्लिकेटवर चालू आहे, पहाटेही फिरते.

तरी विचारून ठेवतो. बॅरलच गेलं तर? आणि ते बटण?

जुना_वायरमन (सिन्नर):

बटणाचं स्पष्ट सांगतो, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण माझ्या दुकानात मी ते करत नसे. शेतातल्या ट्रॅक्टरला चालतं, रस्त्यावरच्या गाडीला नाही. एक तर स्टिअरिंग लॉकचा बोल्ट तसाच राहतो. बॅरल फोडून बाजूला केलं आणि बोल्ट पूर्ण काढला नाही, तर त्याला मागे धरणारं काहीच उरत नाही. वळणावर तो खाचेत पडला तर स्टिअरिंग जागीच थांबेल. दुसरं, ऑनच्या लाइनवर हेडलाइट, ग्लो प्लग, वायपर सगळ्यांचा भार असतो. बाजारातल्या स्वस्त बटणाची पत्ती तेवढा भार घेत नाही, तापते. तिसरं, गाडी कोणीही चालू करून नेऊ शकतो, आणि मग विम्यासमोर तू काय सांगणार?

बॅरल गेलंच तर पूर्ण कुलूप फोडायची गरज बऱ्याच गाड्यांत नसते. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढलं की बॅरलच्या घरावर बारीक भोक दिसतं. चावी एसीसीवर, म्हणजे ऑनच्या आधीच्या टप्प्यावर, ठेवून त्या भोकात बारीक तार किंवा खिळा दाबला की आतली पिन दबते आणि बॅरल चावीसकट बाहेर सरकतं. म्हणून चावी फिरतेय तोवर बॅरल बदलणं सोपं, पूर्ण बंद पडल्यावर तेच काम अवघड. आणि अख्खं घर काढायचं झालं तर त्याच्या बोल्टांना डोकीच नसतात, कंपनीत आवळताना ती मुद्दाम तुटतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते छिन्नीने हळूहळू उलटे फिरवत काढावे लागतात. ते काम अनुभवी माणसाकडूनच कर.

नुसतं बॅरल घेतलंस तर दाराची चावी वेगळी आणि गाडीची वेगळी होईल. पूर्ण लॉक सेट घेतलास तर दोन्ही दारं आणि स्विच एकाच चावीवर येतात. सेट घेताना डिझेल टाकीच्या झाकणाचं कुलूप त्यात आहे का ते दुकानदाराला आधी विचार, बऱ्याचदा ते नसतं.